नत्थूजी आणि मुकं इंजिन

मौद्यापासून खाली पाच गावांत लोक अजूनही छातीठोक सांगतात, की दसऱ्याच्या वेळी नत्थूजीनं दारूच्या नशेत इंजिनाच्या डिझेल-टाकीत लघवी केली. सांगणारा प्रत्येक जण स्वतः बाजूला उभा असल्यासारखा सांगतो. एकाच्या गोष्टीत नत्थूजी उभा असतो, दुसऱ्याच्या गोष्टीत उकिडवा, आणि एक म्हातारा तर त्या वेळी तो कोणतं भजन म्हणत होता तेही गाऊन दाखवतो.

हे साफ खोटं आहे. नत्थूजी दारू पीत नव्हता. साधी तपकीर शेजारच्यानं ओढली तरी त्याला लागोपाठ सात शिंका यायच्या. टाकीत पाणी गेलं होतं, हे खरं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलं होतं, हेही खरं. पण घालणारा तो नव्हता आणि पाणीही तसलं नव्हतं. उलट इतकं पवित्र पाणी कन्हान नदीवरच्या कोणत्याही इंजिनाच्या पोटात त्याआधी गेलं नसेल.

नत्थूजी मूळचा नागपूरचा, कोष्ट्याच्या घरचा. आजा लुगडी विणायचा, बाप विणायचा, आणि नत्थूजीनंही चाळिशीपर्यंत माग सोडला नाही. मग सूत मिळेनासं झालं. सूत देणारा इतवारीचा गुलाबचंद शेटजी. त्यानं एक दिवस गादीवर बसल्या बसल्या निकाल लावला.

"नत्थू, लोक आता मिलचं लुगडं नेसून राहिले. तुले सूत देऊन मी काय करू? समजलं ना?"

हे 'समजलं ना' शेटजी नाकातून काढतो आणि शेवटचा 'ना' असा ओढतो, की वाटावं म्हैस रेडकाला हाक मारून राहिली. घाटावर हा आवाज मला सगळ्यात चांगला जमतो.

नत्थूजी मग सहा वर्षं एका पीठगिरणीत इंजिनावर राहिला. तिथं शिकला. आणि गंमत अशी, की त्याच गुलाबचंदानं पुढं सुताचा धंदा सोडून कन्हानच्या घाटाचा ठेका घेतला, डोंग्यावर डिझेल इंजिन बसवलं आणि ते चालवायला त्याच नत्थूजीला बोलावलं. पाय आपणच मोडावा आणि कुबडीही आपल्याच दुकानातून द्यावी, तसं. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत नदीचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली असतो. तेवढे महिने दोन्ही काठांची माणसं, बकऱ्या, सायकली, नवऱ्या आणि प्रेतंसुद्धा नत्थूजीच्या इंजिनावर पार होत. माझ्या बापाचं चहाचं दुकान त्याच घाटावर, शेटजीच्याच मेहेरबानीनं. म्हणून ही गोष्ट मला कोणाला विचारावी लागली नाही.

चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराची पूजा करायची. सुतार करवतीला कुंकू लावतो, न्हावी वस्तऱ्याला. इंजिनाची पूजा नत्थूजीनं करावी, हे शेटजीनं गृहीत धरलं होतं. पण नत्थूजीच्या घरी माग अजून उभा होता. अर्धी खोली अडवून. वर्षभर त्याच्यावर गोधड्या वाळत, पण नवमीला त्याची बायको पंचफुला तो झाडून पुसून काढी आणि नत्थूजी धोट्याला कुंकू लावी. त्यानं सुटी मागितली.

"कायची पूजा?" शेटजी म्हणाला. "माग तर मेला तुहा. मेलेल्याची तेरवी करतेत बे, पूजा नाही करत. समजलं ना?"

"वर्षातून एकच दिवस आहे, शेटजी."

"जाय. पण ध्यानात ठेव. दसऱ्याले चार वाजता ओव्हरसियर साहेब डोंगा पाहाले येऊन राहिले. पुढच्या सालचा ठेका त्याच्यावर आहे. त्याच्या समोर इंजिन एका हँडलमध्ये उठलं नाही, तर ते हँडल दुसऱ्याच्या हातात जाईन."

दुसरा कोण, तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. इतवारीतला कृष्णकांत मिस्त्री, टेरिलीनची पँट, कानावर पेन, आणि बोलणं अर्धं हिंदी, कारण हिंदीत बोललं की पाना जास्त घट्ट बसतो असं त्याला वाटायचं. नत्थूजीनं हे सगळं ऐकलं आणि मान हलवली. पन्नाशीच्या माणसाला घाट सुटला तर पुढं काय, याचा हिशेब त्यानं येसटीत बसल्यावर केला म्हणे. उत्तर काही आलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी दोन वाजता तो परत आला तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या गावी सोनं द्यायला जाणारे लोक, नव्या चोळ्या, पोरांच्या हातात आपट्याच्या फांद्या. डोंग्यात सगळ्यात चांगल्या जागी, खुर्ची टाकून, शेटजीची आई रुख्माबाई बसली होती. बाजूला शेटजी. आणि काठावर पाय सोडून कृष्णकांत, लग्नाला आलेल्या दुसऱ्या नवरदेवासारखा.

नत्थूजीनं इंजिनाचा दाब सोडणारा खटका वर केला, हँडल लावलं, पाच वेढे जोरात मारले, खटका पाडला.

"फुस्स."

पुन्हा. "फुस्स."

तिसऱ्यांदाही तेच. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं.

"एक झालं, दोन झालं, तीन झालं!" हे मोजायला सुरुवात मी केली, ते नाकारत नाही. मग सगळा घाट मोजायला लागला. वीसपर्यंत लोक हसत होते. चाळीसला बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. साठाव्या वेळेला नत्थूजीचं हँडल सटकलं आणि तो तोंडावर आपटला. त्याच्या कपाळाला काळं वंगण लागलं, आणि कोणी तरी ओरडलं, "घ्या! नत्थूजीनं बुक्का लावला!" त्यावर तर म्हातारे पडायचे राहिले.

"रिंग गई है भाऊ," कृष्णकांत नखं साफ करत म्हणाला. "बोर भी घिस गया. आता हे इतवारीत न्यावं लागते. ये हाथ का काम नहीं, हे डोस्क्याचं काम आहे."

"ऐकलं का नत्थू?" शेटजी म्हणाला. "डोस्क्याचं काम आहे. समजलं ना?"

नत्थूजी आमचं काही ऐकतच नव्हता. तो एकच आवाज ऐकायची वाट पाहत होता. इंजिन हातानं फिरवलं की प्रत्येक वेढ्याला नोझल बारीकसं कुरकुरतं. नव्या चपलेसारखं, कीर्रच. डिझेल आत नीट उडत असल्याची ती खूण. मागावर हजार धाग्यांतला एक तुटला तरी त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, तेच कान त्यानं इंजिनाला लावले होते. आज नोझल मुकं होतं. मग रिंग कशाला दोषी धरायची? दाब तर हाताला लागत होता. हँडल त्याला उलटं ढकलत होतं.

त्यानं नळीचा नट सैल केला. थेंब आले. थेंब त्यानं वंगणानं माखलेल्या तळहातावर घेतले. डिझेल तिथं पसरायला पाहिजे होतं. हे थेंब अळूच्या पानावर थांबावेत तसे गोल थांबले.

त्यानं कमरेतून सुताचा तुकडा काढला. कोष्टी माणूस, धोतराच्या गाठीत थोडं सूत असायचंच. ते त्यानं त्या थेंबांत भिजवून काठावर नेलं आणि काडी लावली. सूत पेटलं नाही. तडतडलं, फुरफुरलं, कढईत ओली पुरी पडावी तसं, आणि विझलं.

"पाणी आहे," नत्थूजी म्हणाला.

"पाणी?" शेटजी खुर्चीमागून पुढं आला. "टाकीत पाणी कोणं टाकलं मंग?"

नत्थूजीनं टाकीचं झाकण उघडलं. झाकणाच्या कडेला कुंकवाची बोटं उमटली होती. आत गाळणीच्या जाळीला एक पान चिकटलं होतं. तुळशीचं.

त्याला सगळं कळलं. आणि त्या क्षणी त्यानं काय ठरवलं, हे त्यानं मला पुढं स्वतः सांगितलं: गप राहायचं. ते पान मुठीत चुरगाळायचं, टाकीखालचा स्क्रू ढिला करायचा, पाणी नदीत सोडून द्यायचं, इंजिन उठवायचं. कोणाचं नाव काढायचं नाही. चार वाजायला अजून वेळ होता. हँडल हातात राहिलं असतं. त्यानं स्क्रूला पाना लावलासुद्धा.

पण शेटजीला गर्दी मिळाली होती, आणि गर्दी मिळाली की शेटजीचं नाक थांबत नाही.

"मी सांगतो कोणं टाकलं! हा झाकण उघडं टाकून पळाला. पिऊन होता का बे? कायच्या नशेत होता? त्या मेल्या मागापायी माह्यं इंजिन मारलं यानं! आज घरी गेला का त्या मागाचे लाकडं तोड आणि चुलीत घाल. बायकोची भाकर तरी शिजन. समजलं ना?"

घाट हसला. मीही हसलो, मोठ्यानं.

नत्थूजीनं पाना स्क्रूवरून काढला. तुळशीचं पान तळहातावर घेतलं आणि हळूच, पुजाऱ्याच्या चालीनं, रुख्माबाईच्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिला.

"मायबाई, हे पान तुमच्या अंगणातलं का?"

म्हातारीला कमी दिसायचं. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं, वास घेतला आणि तिचा चेहरा फुलला.

"हो गा, माह्यंच! काल तू नव्हता. पूजा कोण करीन? मीच केली. लोक वरून शिंपडतेत. म्या म्हटलं, वरून शिंपडून याले काय होते? हे तर पोटानं जगते! म्हणून अख्खी लोटी त्याच्या तोंडात ओतली. काशीचं गंगाजल, गा! लाखेनं बंद केलेली लोटी होती. डोक्याखाली घेऊन झोपली मी गाडीत, दोन रात्री."

 शेटजीचं तोंड उघडं राहिलं. ते आजवर नाकानंच बोलत आलं होतं, त्यामुळं आतले दात आम्ही पहिल्यांदा पाहिले.

"तोंडात ओतलं, मायबाई?" नत्थूजी आदबीनं म्हणाला. "मंग तोंडात गंगाजल कोणाच्या घालतेत?"

 मग मागून कोणी तरी बोंबललं, "मरत्याच्या!" आणि नंतर जो काही हशा फुटला, त्यानं बकऱ्या दोरी तोडून पळाल्या.

म्हातारीला विनोद कळला नाही. तिनं विचारलं, "काहून हासून राहिले रे हे?"

"काही नाही माय, तू गप बस," शेटजी म्हणाला. मग नत्थूजीवर धावला. "आणि तू काय पाहून राहिला? काढ ते पाणी आणि फेक नदीत! साहेबाची जीप येऊन राहिली!"

खरंच, दूर रस्त्यावर धूळ दिसत होती.

नत्थूजी स्क्रूखाली पितळी लोटा धरून बसला. पाणी जड, ते टाकीच्या तळाला बसलेलं. म्हणून आधी पाणीच यायला लागलं, वर डिझेलची निळी-जांभळी साय घेऊन. मी त्याच्या बाजूला वाकलो होतो. तो माझ्याकडं न पाहता पुटपुटला.

"पोट्ट्या, हे शेटजी पिणार."

"कायले पिते, नत्थूजी! तो सोड्याची बाटली रुमालानं पुसून पिते."

"लाव शर्त."

"लावली. नाही पिला तर हँडल एक दिवस माह्या हातात."

"मंजूर. आणि पिला, तर मी सांगीन त्याची नक्कल करायची. मी सांगीन तिथं."

मला वाटलं, म्हातारा हरतो. माझ्या हे लक्षात आलं नाही, की हँडल तर त्यानं मघाशीच, पाना काढताना, सोडून दिलं होतं. गेलेली वस्तूच तो पणाला लावून राहिला होता.

लोटा भरला. नत्थूजी उठला आणि नदीकडं न जाता पुन्हा म्हातारीकडं गेला.

"मायबाई, शेटजी म्हणतेत कन्हानात फेक. खाली म्हशी बसल्या आहेत. त्याच्या खाली लोकं लोटे घेऊन बसतेत, सकाळचे. फेकू?"

"अरे बापा!" रुख्माबाई खुर्चीतून उठलीच. "काशीची गंगामाय म्हशीच्या ढुंगणाखाली? गुलाब! तू म्हटलं हे?"

"माय, त्याच्यात डिझेल आहे..."

"डिझेल नं काय गंगा बाटते?"

"मंग काय करू, मायबाई?" नत्थूजी विचारात पडल्यासारखा म्हणाला. "डोंग्यात सांडलं तर पायाखाली येते. तीर्थच आहे ते. घरचा मोठा माणूस असतो, तो घेते तीर्थ."

"घे गुलाब," म्हातारी म्हणाली.

"माय..."

"घे म्हणते ना! माह्या मरणाच्या वक्ती कोण घालन माह्या तोंडात? तूच ना? मंग आज तुले गंगामायची किळस येते? इतक्या लोकांत?"

शेटजीनं लोकांकडं पाहिलं. दोन काठांचे मिळून तीनशे तरी डोळे. त्यानं जीपकडं पाहिलं. मग टोपी सारखी केली, उजवा हात गायीच्या कानासारखा केला, आणि नत्थूजीनं त्यात धार धरली.

पिला.

लोट्यातलं उरलेलं म्हातारीनं स्वतःच्या हातानं काठावरच्या पिंपळाच्या बुडाला घातलं. नत्थूजीनं तोवर नळीतली हवा काढली, स्वच्छ डिझेल येईपर्यंत नट सैल ठेवला, मग आवळला. हँडल मारलं. कीर्रच. नोझल बोललं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि चौथ्या वेळी इंजिनानं काळा गोळा ओकला आणि डग-डग-डग सुरू झालं. ते ओकलं तेव्हा शेटजीनंही तोंडावर हात धरला.

ओव्हरसियर साहेब आले. शेटजी हात जोडून पुढं झाला, "नमस्कार साहेब," आणि मधेच एक ढेकर आली. साहेबांनी ओठात सिगारेट धरली होती, काडी ओढायच्या बेतात होते. त्यांनी शेटजीकडं पाहिलं, नाक हललं, आणि काड्यांची पेटी पुन्हा खिशात ठेवली.

ठेका मिळाला. डोंगा पलीकडं लागला, साहेब उतरले, आणि शेटजीनं हात पुढं केला.

"हँडल."

"इंजिन तर उठलं, शेटजी."

"एका हँडलमध्ये उठलं नाही, असं म्हटलं होतं मी. चारात उठलं. समजलं ना?"

नत्थूजीनं हँडल धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि कृष्णकांतच्या हातात दिलं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. गुंडाळून धरला तर इंजिन उलटं मारतं आणि तोडतं. हे त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कृष्णकांतच्या अंगठ्याला वांग्याएवढं फडकं होतं.

त्यानंतर आठवडाभरात ती लघवीची अफवा निघाली. कोणी काढली, ते तिच्यातल्या 'समजलं ना' वरून ओळखू येत होतं. आईच्या लोटीपेक्षा नत्थूजीची नशा बरी, असा शेटजीचा हिशेब. पण टाकीत जे होतं ते पुढं कोणाच्या पोटात गेलं, हे सगळ्या घाटानं पाहिलं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. लोकांच्या आलं. अफवा लोकांनी आनंदानं खरी मानली.

नत्थूजी मौद्याच्या एका गिरणीवर लागला. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन घाटावर आला आणि काठावरच्या दगडावर बसला. डोंगा माणसांनी भरला होता, शेटजी खुर्चीत होता, कृष्णकांत डाव्या हातानं हँडल मारून राहिला होता. नत्थूजीनं बोटानं मला जवळ बोलावलं.

"शर्त."

"कोणाची करू, नत्थूजी? तुमची करू? हँडलवरून पडता ते?"

"शेटजीची. तीर्थ घेतलं ते. इथंच."

"नत्थूजी, बापाचं दुकान..."

"हरला का नाही तू?"

हरलो होतो. मी मोकळ्या जागेत गेलो. टोपी नव्हती, ती सारखी केली. नाकातून 'माय' म्हटलं. हात गायीच्या कानासारखा केला, गाल फुगवले, डोळे मिटले, गिळलं. पुन्हा गाल फुगवले, गिळलं. आणि पोटातून अशी ढेकर काढली, की डोंग्यातल्या बाया एकमेकींवर कोसळल्या. कृष्णकांतनं हँडल सोडून दिलं. तेवढ्यात शेटजीची चप्पल आली आणि कानाखाली बसली. बाप दुकानातून झारा घेऊन निघाला होता.

मी गाल चोळत नत्थूजीकडं पाहिलं. सगळा घाट हसत होता, तो हसत नव्हता. डोळे बारीक करून, मान कलती करून, तो माझ्या तोंडाकडं इंजिनाकडं पाहावं तसं पाहत होता.

"घोट तीन होते," तो म्हणाला. "तू दोनच घेतले. पुन्हा कर."

शेटजीच्या पायात अजून एक चप्पल होती. मी हात पुन्हा गायीच्या कानासारखा केला.